रेघ एकाची, रंग दुसऱ्याचा



आजच्या विषयात 'अल्कोहोल' हा शब्द येतो, तेव्हा प्रथम थोडा खुलासा केलेला बरा. वसंतातील ह्या ज्ञानसत्रात मद्याची वकिली करण्याचा आमचा विचार नाही. आम्ही बोलणार आहोत ते मद्यार्कात रंग विरघळवून केलेल्या शाईविषयी, ती शाई ज्यांत भरतात त्या जाड टोकाच्या लेखण्यांविषयी, आणि ह्या लेखण्या हाती घेऊन जी मोठी माणसे, मुलेबाळे असलेली, नोकरीधंद्यातील, पेन्शनीत निघालेली माणसे, छापील चित्रे रंगवीत बसतात त्यांच्याविषयी. बाजारात ह्या लेखण्यांस 'अल्कोहोल मार्कर' म्हणतात, आणि त्या पुस्तकांस 'प्रौढांची रंगवायची पुस्तके'. दोन्ही नावे कानाला चमत्कारिक लागतात. पहिले ऐकून दवाखान्याची आठवण होते, दुसरे ऐकून प्रौढ साक्षरतेच्या वर्गाची.

इतिहासाच्या व्याख्यानात हा पोरखेळ कशाला, असे कोणी विचारील. परंतु ह्या पोरखेळाच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो पोरकट नाही. दुसऱ्याने काढलेल्या रेघांच्या आत जो रंग भरतो, तो मनुष्य कोण? कारागीर, कलावंत, मजूर, की नुसता वेळ घालविणारा? युरोपात गेल्या पाचशे वर्षांत ह्या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले आहे. आमचे म्हणणे असे की, ते बदलले त्यात कलेच्या तत्त्वज्ञानाचा वाटा थोडा, आणि कागद, शाई व मजुरी ह्या तीन गोष्टींचा वाटा मोठा.

आरंभ अँटवर्प शहरापासून करू. १५४७ साली वीस वर्षांचा एक तरुण तेथील चित्रकारांच्या संघात दाखल झाला. त्याच्या नावापुढे धंदा नोंदलेला आहे तो नकाशे रंगविण्याचा. हा तरुण म्हणजे अब्राहम ऑर्टेलियस. पुढे १५७० साली त्याने जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, तो आजच्या सर्व अॅटलासांचा मूळपुरुष मानला जातो. वडील लवकर वारले होते. नकाशे विकत आणावयाचे, ते रंगवावयाचे आणि चढ्या भावाने विकावयाचे, ह्या धंद्यावर घर चालत असे, आणि त्याच्या बहिणीही ह्याच कामात होत्या. ज्याने पृथ्वीचे नकाशे एकत्र बांधले, त्याने आधी ते दुसऱ्यांच्या रेघांत रंग भरून ओळखून घेतले होते, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. एखाद्या बेटाचा किनारा डोळ्यांनी शंभरदा पाहिला तरी ध्यानात राहतोच असे नाही. कुंचल्याने एकदा त्याच्या कडेकडेने जाऊन पाहावे.

त्या काळी छपाई म्हणजे काळी छपाई. लाकडी ठसा असो की तांब्याच्या पत्र्यावरील कोरीव काम असो, कागदावर उमटे ती काळी रेघ. रंग लागला तर तो मागाहून हाताने. म्हणून एकच पुस्तक दोन किमतींना मिळे, कोरे आणि रंगविलेले. अँटवर्पच्याच प्लांटिन ह्या सुप्रसिद्ध छापखान्याचे हिशेबाचे कागद सुदैवाने शाबूत राहिले आहेत, आणि रंगकाम करणारांस दिलेल्या पैशांच्या नोंदी त्यांत सापडतात. त्यांत मिन्केन लीफ्रिंक नावाची एक बाई आहे. ह्या बाईने त्या छापखान्यासाठी पुस्तके आणि नकाशे रंगविले. तिने रंगविलेल्या पानावर तिचे नाव नाही. नकाशा कोणी काढला, कोणी कोरला, कोणी छापला हे सगळे त्याच पानावर छापलेले असावयाचे. रंग कोणाचा, हे मात्र चारशे वर्षांनंतर चोपडी उघडली तेव्हा कळावयाचे.

ह्या अनामिकतेला विद्वानांचाही हातभार लागला. इरॅस्मस हा त्या शतकातील मोठा पंडित. १५२८ साली, आल्ब्रेख्त ड्यूरर हा जर्मन चित्रकार ज्या वर्षी वारला त्याच वर्षी, त्याने ड्यूररची अशी स्तुती केली की, इतरांस जे रंगांनी साधते ते ह्याने केवळ काळ्या रेघांनी साधले, आणि त्यांवर कोणी रंग चढवील तर तो त्या कामाचा घातच करील. स्तुती योग्य होती, परंतु तिचा परिणाम वाईट झाला. पुढील संग्राहकांनी काळे चित्र तेवढे सोवळे आणि रंगविलेले ओवळे असा नियमच करून टाकला. काही ठिकाणी तर जुन्या चित्रांवरचे रंग धुऊन काढण्यापर्यंत मजल गेली! २००२ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने अशा रंगविलेल्या जुन्या छापील चित्रांचे एक प्रदर्शन भरविले. ज्यांस बिघडवलेली चित्रे म्हणून बाजूला सारले होते त्यांतील अनेकांवरचे रंग चित्राच्या काळचेच, आणि निष्णात हातांनी दिलेले आहेत, हे त्यातून पुढे आले. ड्यूररच्या शहरात, म्हणजे न्युरेंबर्गात, रंगाऱ्यांचा धंदा चांगला नांदता होता. त्यांच्या गिऱ्हाइकांनी इरॅस्मसचे पुस्तक वाचलेले नसावे.

येथे एका तांत्रिक गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे. त्या नकाशांवरील हिरवा रंग पुष्कळदा जंगालाचा असे, म्हणजे तांब्यावर आंबट पदार्थाची क्रिया होऊन जो हिरवा गंज चढतो त्याचा. रंग सुंदर, परंतु स्वभाव खाष्ट. वर्षानुवर्षे तो कागदाला आतून खातो. हिरव्याचा तपकिरी होतो, पानाच्या पाठीवर त्याची छाया उमटते, आणि अखेरीस जेथे अरण्य रंगविले होते तेथे कागदाला भेग पडते. रंग पाठीमागे उतरतो ही आज प्रत्येक रंगविणाराच्या तोंडी असलेली तक्रार चारशे वर्षांची जुनी आहे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

अठराव्या शतकात रंग भरण्याचे काम दिवाणखान्यात शिरले. १७६० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट सेयर आदी प्रकाशकांनी फुलांच्या साठ चित्रांचे एक पुस्तक काढले. चित्रे कोरी, नुसत्या रेघांची. सोबत प्रत्येक फुलाच्या रंगांचे वर्णन आणि ते कसे द्यावेत ह्याच्या सूचना. पुस्तक कोणासाठी, तर ह्या कलेची आवड असणाऱ्या सभ्य स्त्रीपुरुषांसाठी. म्हणजे आजची प्रौढांची रंगवही ही नवी गोष्ट नव्हे. मुलांच्या रंगवहीहून ती शंभर वर्षांनी थोरली आहे. मात्र हे पुस्तक घेणारी मंडळी सुखवस्तू होती. पोटासाठी रंगविणारे निराळे आणि हौसेने रंगविणारे निराळे, ही फारकत येथून ठळक झाली.

पोटासाठी रंगविणारांचे पुढे काय झाले? एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कला करियर आणि आयव्ह्ज ही चित्रे छापणारी पेढी भरभराटली. तिच्या कारखान्यात लांब मेजाभोवती तरुण मुली बसत. त्यांत जर्मनीहून आलेल्या कुटुंबांतील बऱ्याच होत्या. समोर नमुन्याचे रंगीत चित्र ठेवलेले. एकीने निळा लावावयाचा आणि कागद पुढे सरकवावयाचा, दुसरीने तांबडा. प्रत्येकीच्या वाट्याला एकच रंग! दिवसभर आकाशच रंगविणाऱ्या त्या मुलीला त्याखालची जहाजे कधी रंगवाविशी वाटली असतील की नाही, कोण जाणे. रंगारी येथे यंत्राचे चाक झाला, आणि चाकाची जागा खरे यंत्र कधी ना कधी घेतेच. शिळेवरून रंगीत छपाई करण्याची कृती १८३७ साली फ्रान्समध्ये एंगेलमान ह्याने पेटंट करून घेतली होती. शतक सरता सरता ती सर्वत्र पसरली. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्याची जी लक्ष्मी-सरस्वती आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओटीवर विराजमान झाली, ती ह्याच कृतीची लेक. रंग यंत्राने छापला जाऊ लागला तेव्हा हाताने रंगविणाराची मजुरी संपली.

मजुरी संपली, पण काम उरले. ते मुलांच्या हाती गेले. लंडनमध्ये कागदी खेळण्यातल्या नाटकगृहांचे तक्ते विकत. नुसत्या रेघांचा तक्ता एक पेनीला, रंगविलेला दोन पेन्यांना. खिशात एकच पेनी असलेला मुलगा कोरा तक्ता घेई आणि दुसऱ्या पेनीचे काम घरी बसून स्वतः करी. स्टीव्हन्सनसारख्या लेखकाने १८८४ साली ह्या तक्त्यांवर निबंध लिहिला आहे, इतकी त्याला त्यांची बालपणापासून ओढ. १८७९ साली लंडनच्या कॅसल प्रकाशनाने केट ग्रीनवे हिच्या रेखाचित्रांचे मुलांनी रंगवावयाचे पुस्तक काढले. ते न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन बंधूंच्या नावावरही मोडते. १९०३ साली अमेरिकेत क्रेयोला नावाचे मेणाचे खडू निघाले, आठ खडू पाच सेंटांस. आता पाण्याची वाटी नको, कुंचला नको, देखरेखीला आई नको. रंग भरणे म्हणजे बाळाने गप्प बसावे म्हणून द्यावयाचे काम, ही समजूत ह्यानंतर पक्की झाली.

आणि समजूत पक्की होताच तिच्यावर टीकाही आली. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे कलाशिक्षणातील वजनदार नाव. १९४७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी रंगवहीवर कडक हल्ला चढविला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मुलाला दुसऱ्याने काढलेला पक्षी भरावयास दिला की त्याचा स्वतःचा पक्षी मरतो, 'मला काढता येत नाही' हे तो त्या वहीतून शिकतो. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि आम्ही तो उडवून लावणार नाही. लहान मुलाच्या हाती कोरा कागद आधी पडावा, छापील मागाहून, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु लोवेनफेल्ड बोलत होते ते वाढत्या वयाविषयी. ज्याचा पक्षी चाळीस वर्षांपूर्वीच उडून गेला आहे, त्या कचेरीतल्या मनुष्याने काय करावे, ह्याचे उत्तर त्या आक्षेपात नाही.

कचेरीतल्या मनुष्याला उत्तर मिळाले ते थट्टेच्या रूपाने. १९६१ साली अमेरिकेत तीन जाहिरातवाल्यांनी मोठ्या साहेबलोकांसाठी एक रंगवही काढली. तिच्यात साहेब, त्याचा कोट, त्याची पेटी, त्याच्या गोळ्या. आणि प्रत्येक चित्राखाली हा अमुकच रंगाने रंगवा असा हुकूम. कोट करडाच रंगवावयाचा, कारण दुसरा रंग झाला तर नोकरीवर गदा. लोकांस ही चेष्टा इतकी आवडली की पुढच्याच वर्षी अध्यक्ष केनेडींवरची रंगवही निघाली आणि ती खपाच्या यादीत कित्येक आठवडे राहिली. पण ही पुस्तके कोणी रंगविण्यासाठी घेतली नाहीत, हसण्यासाठी घेतली. आज्ञाधारकपणाची खूण म्हणून रंगवही त्यांना उपयोगी पडली. रंग भरणारा म्हणजे सांगितलेल्या चौकटीत राहणारा, हे चित्र मनात इतके रुजले की आजही एखाद्या गृहस्थास रंगवही भेट दिली तर तो आधी हसतो आणि मग आजूबाजूला कोणी पाहत नाही ना, हे पाहतो.

आता लेखणीकडे वळू. तिची कथा वेगळ्या गल्लीतून येते. १९५३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सिडनी रोझेन्थाल ह्याने काचेच्या बुटक्या बाटलीत शाई भरून तिला नमद्याचे टोक बसविले आणि तिला 'मॅजिक मार्कर' हे नाव दिले. खोक्यांवर पत्ते लिहावयास ती उत्तम. जपानात १९६० साली युकिओ होरिए ह्यांच्या कंपनीने, जी पुढे पेंटेल म्हणून जगभर गेली, तेलकट शाईची अशीच लेखणी काढली. ती वाटेल त्यावर लिही, पण कागदावर लिहिले की मागच्या पानावर उतरे. म्हणून त्याच कंपनीने पाण्याच्या शाईची, तंतूंच्या बारीक टोकाची लेखणी १९६३ साली काढली, आणि ती अमेरिकेच्या अध्यक्षांपर्यंत पोहोचली. लेखण्यांच्या इतिहासातही पुन्हा तेच, शाईचे आणि कागदाच्या पाठीचे भांडण.

पाण्याची शाई लिहिण्यास चांगली, पण रंग भरण्यास तिची अडचण होते. एक पट्टा ओढला, त्याशेजारी दुसरा ओढला, की जेथे दोन्ही एकमेकांवर चढतात तेथे गडद काठ दिसतो. पहिला पट्टा वाळलेला असतो आणि दुसरा त्याच्या डोक्यावर बसतो. शिवाय दोनतीन हात फिरविले की कागदाचा भुसा निघतो. मोटारींचे, घरांचे, कापडांचे नमुने काढणारे जे व्यावसायिक होते त्यांना सपाट, सारखा रंग झटपट हवा होता. ते झायलीनसारख्या उग्र वासाच्या द्रावकांतील शाई वापरीत. रंग सुरेख बसे, डोके मात्र दुखे.

ह्यात भर पडली झेरॉक्सची. पेटंटच्या कामात रोज आकृत्यांच्या नकला करून कंटाळलेल्या चेस्टर कार्लसन ह्याने न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी कोरडी नक्कल प्रथम साधली, आणि १९५९ साली तिचे यंत्र बाजारात आले. आकृती काढणाराची ह्यामुळे मोठीच सोय झाली. मूळ चित्र जपून ठेवावे, नकला काढाव्यात आणि नकलांवर रंग लावून पाहावेत. परंतु झेरॉक्सची काळी रेघ ही शाई नसते. ती उष्णतेने कागदावर चिकटविलेली प्लॅस्टिकयुक्त भुकटी असते, आणि झायलीनसारख्या द्रावकात ती विरघळते. रंगाचा हात फिरविला की रेघ फिसकटून काळा फराटा पिवळ्या मोटारीवर!

हा तिढा जपानात सुटला. तोक्योमध्ये १९१९ पासून चित्रसाहित्याचा व्यापार करणाऱ्या एका पेढीने, जिचे आताचे नाव 'टू' असे आहे, १९८७ साली मद्यार्काच्या शाईच्या लेखण्या काढल्या. मद्यार्क रंगाला विरघळवितो, पण त्या काळ्या भुकटीला हात लावीत नाही. नकलेवरची रेघ जशीच्या तशी राहते. ह्या लेखणीचे नावच मुळी 'कॉपी' ह्या शब्दावरून 'कॉपिक' असे ठेवले. आरंभी ७१ रंग होते, पुढे ते ३५८ झाले. जपानी चित्रकथा काढणाऱ्यांनी तिला उचलून धरले आणि त्यांच्यामागून जगाने. (जाता जाता: १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा जो कारखाना काढला, त्या कॅम्लिनमध्ये २०११ साली जपानच्याच कोकुयो ह्या लेखनसाहित्याच्या कंपनीने मोठा हिस्सा घेतला. शाईच्या धंद्यात मुंबई आणि जपान असे जवळ आले.)

ह्या शोधाचे मर्म पुन्हा एकदा सांगतो, कारण आमच्या विषयाचा तो गाभा आहे. दुसऱ्याची रेघ न बिघडविता तिच्या आत रंग भरता यावा, एवढ्यासाठीच ही शाई जन्मास आली. अँटवर्पच्या रंगाऱ्यांस जे कौशल्य कमवावे लागे, ते येथे शाईच्या रसायनातच घालून दिले आहे.

मग कौशल्य काहीच उरले नाही काय? तसे नाही. मद्यार्काचा दुसरा पट्टा पहिल्याच्या ओल्या काठात शिरून त्याला पुन्हा विरघळवितो, म्हणून जोड दिसत नाही. पण त्यासाठी काठ ओला असताना हात चालला पाहिजे. स्वयंपाकघरात कढईतले दूध सोडून जाता येत नाही, तसे अर्धे पान रंगवून दार उघडावयास जाता येत नाही. गोलाई दाखवावयाची तर एकाच घराण्याचे तीन रंग घ्यावेत. आधी फिकट, मग मध्यम, मग गडद, आणि शेवटी उलट क्रमाने परत फिकट. शेवटचा फिकट हात आधीच्या दोघांचे भांडण मिटवितो. ह्या घराण्यांसाठीच लेखणीवर अक्षर आणि आकडे असतात. कॉपिकच्या पद्धतीत अक्षर रंगाचे कुळ सांगते, पहिला आकडा तो रंग किती स्वच्छ की किती करडा हे सांगतो, आणि शेवटचा आकडा फिका की गडद ते सांगतो. आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की, रेघेपर्यंत जावयाचे नाही. कागदावर शाई फुटते. टोक रेघेच्या अलीकडे थांबविले तर उरलेले अंतर शाई आपल्या पायांनी चालते, आणि रेघेला टेकविले तर ती ओलांडते. कोठे थांबावे हे कागदागणिक बदलते. हे पुस्तकातून कळत नाही, दहा पाने वाया गेली की कळते.

२०१३ साली ह्या दोन धारा एकत्र येण्यास निमित्त झाले. लंडनच्या लॉरेन्स किंग प्रकाशनाने स्कॉटलंडच्या जोहाना बॅस्फर्ड ह्या चित्रकर्तीस मुलांसाठी रंगवही काढशील का, असे विचारले. तिने उत्तर दिले, मोठ्यांसाठी काढते. 'सीक्रेट गार्डन' हे तिचे पुस्तक, वेलीपाने आणि लपलेल्या पाखरांचे, दहा लाखांहून कितीतरी अधिक खपले. अमेरिकेत २०१४ साली अशी सुमारे दहा लाख पुस्तके विकली गेली होती, २०१५ साली सुमारे एक कोटी वीस लाख. पुढे ही लाट ओसरली, पण छंद टिकला. मानसशास्त्राचाही दाखला देण्यात येऊ लागला. २००५ साली करी आणि कॅसर ह्या अमेरिकन संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांवर प्रयोग करून, कोऱ्या कागदापेक्षा आखीव आकृती रंगविल्याने घबराट अधिक कमी होते, असे नोंदविले होते. प्रयोग लहान आहे आणि त्यावर औषधाची पाटी लावणे आम्हांस रुचत नाही. तथापि त्यातील एक बारकावा मोलाचा आहे: कोरा कागद मनुष्याला भिववितो. लोवेनफेल्डना मुलांसाठी जो कागद हवा होता, तोच थकलेल्या मोठ्या मनुष्याला ओझे होतो. दिवसभर निर्णय घेऊन घरी आलेल्या बाईला संध्याकाळी आणखी एक निर्णय, काय काढू हा, नको असतो. पान निळे की हिरवे, एवढाच तिला पुरतो. ह्यास कोणी आळस म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. ओव्या ठरलेल्या चालीवर म्हणणाऱ्या बायकांना आपण आळशी म्हटले नाही.

परंतु लेखणी आणि पुस्तक ह्यांची सोयरीक तशी विजोडच. लेखणी घडली ती गुळगुळीत, शाई धरून ठेवणाऱ्या कागदासाठी. पुस्तके निघाली ती रंगीत पेन्सिलींचा विचार करून, आणि बॅस्फर्डचे ते पहिले पुस्तक तर पाठपोट छापलेले. पुढच्या पानावर गुलाब रंगवावा आणि मागच्या पानावरच्या घुबडाच्या डोळ्यात तांबडे उतरावे, असे कित्येकांचे झाले. त्यावर प्रकाशकांनी एकाच बाजूस छपाई करून तोड काढली. रंगविणारांनी आपल्या परीने उपाय केले: पानाखाली जाड कागद घालावा म्हणजे तिसरे पान तरी वाचते, किंवा चित्राची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती रंगवावी. हा दुसरा उपाय आम्हांस सर्वांत आवडला. लेखणी ज्या कामासाठी निर्माण झाली त्याच कामावर ती परत आली. मात्र नक्कल आपल्यापुरती असावी; चित्रकर्तीच्या रेघा रंगवून विकावयास काढणे हा न्याय नव्हे.

एक खरी उणीव उरते, आणि ती लपविणे बरोबर होणार नाही. ह्या शाईतला रंग विरघळलेला असतो. नकाशांवरच्या खनिज रंगांसारखा तो दाण्यादाण्याने बसत नाही. म्हणूनच तो इतका पारदर्शक आणि एकजीव दिसतो, आणि म्हणूनच उजेडात तो उडतो. नमुने काढणाऱ्या व्यावसायिकांस त्याचे काही वाटले नाही. त्यांचे चित्र छापखान्यात गेले की मूळ कागदाचे काम संपे. हौसेने रंगविणाराचे तसे नसते. महिनाभर रात्री जागून पान पुरे करावे, चौकट करून खिडकीसमोर टांगावे, आणि काही वर्षांत जांभळ्याचा राखी व्हावा, हे दुःख लहान नाही. चित्र वहीतच राहू द्यावे, हा त्यावर उपाय. सोळाव्या शतकात भिंतीवर टांगण्याचे जे मोठे नकाशे छापले गेले, त्यांतले थोडेच वाचले. धुराने, उन्हाने, ओलीने ते गेले. बांधीव संग्रहातले नकाशे मात्र मिटलेल्या पुठ्ठ्यांत अंधारात राहिले, आणि त्यांतल्या समुद्रांचे, सीमांचे रंग आजही टवटवीत आहेत. अँटवर्पच्या कोणा बाईने लावलेला गुलाबी रंग चारशे वर्षांनी तसाच दिसतो, तो पुस्तक बहुतेक वेळ मिटलेले होते म्हणून.

एकाच बाजूस छापलेल्या पुस्तकात प्रत्येक चित्राची पाठ कोरी असते. शाई उतरून तेथे चित्राची फिकी छाया पडलेली असली, तरी कडेला जागा उरते. जाणती मंडळी तेथे कोणत्या क्रमांकाच्या लेखण्या वापरल्या ते टिपून ठेवतात. लेखणी वाळली किंवा पान अर्धे राहिले तर तोच रंग पुन्हा सापडतो. त्या आकड्यांखाली तारीख घालावी, आणि आपले नावही लिहावे. रेघा काढणारीचे नाव मुखपृष्ठावर छापलेले असतेच.